तारकुंडेंसारखा वकील सार्वजनिक जीवनात नक्की काय करतो, आणि आपल्या सीमाभागाला तो का हवा?

मलप्रभा_खानापूर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा कुणा एकाच्या आयुष्यावर बोलायचा उपक्रम चालतो. पुढच्या खेपेला न्या. वि. म. तारकुंडे घ्यावेत असं मी सुचवलं, तर बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "त्यांचा आपल्या भागाशी काय संबंध? त्यापेक्षा सीमालढ्यातलं एखादं नाव घ्या की." दुसरे एक जण म्हणाले, "वकिलाचं काम कोर्टात. त्याच्यावर जाहीर व्याख्यान कशाला?" निर्णय लांबलाय, म्हणून इथं विचारते.

नाव नवं असणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तारकुंडे सासवडचे, जन्म १९०९ चा. १९५७ ते १९६९ मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. ते पद सोडून दिल्लीला गेले आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९७४ मध्ये जयप्रकाशांबरोबर 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी' उभी केली. १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना निघाली, त्यातही ते पुढे होते. आणीबाणी उठल्यावर आंध्रात नक्षलवादी म्हणून तरुणांना चकमकीत मारल्याच्या तक्रारी आल्या. त्यांच्या चौकशीसाठी १९७७ मध्ये जी समिती नेमली, ती 'तारकुंडे समिती' म्हणूनच ओळखली जाते. ते स्वतः मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराचे, बंदुकीच्या राजकारणाचे विरोधक. तरी मेलेल्या पोरांच्या बाजूनं साक्षी गोळा केल्या. २००४ मध्ये ते गेले.

माझं म्हणणं असं. नागरी हक्कांच्या वकिलाची खरी किंमत तो आपल्याला न आवडणाऱ्या माणसासाठी उभा राहतो तेव्हा कळते. आणि ही किंमत आपल्याइतकी कुणाला कळायला नको, कारण इथं आपण संख्येनं थोडे आहोत. उद्या आपल्यावर वेळ आली की असाच कुणीतरी लागणार आहे.

तुम्हाला काय वाटतं? अशा वकिलानं कोर्टाबाहेर, व्यासपीठावर, मोर्चात यावं का? कुठवर यावं?

येळ्ळूरकर

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी बैठकीत असतो तर त्या पहिल्या गृहस्थांच्या बाजूनं हात वर केला असता. जुलै २०१४ मध्ये आमच्या गावातला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' फलक काढला, त्यानंतर लाठीमार झाला, सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिला. तेव्हा दिल्लीतले नागरी हक्कवाले कितीजण आले? धावून आले ते बेळगावातलेच मराठी वकील. आम्हाला आधी आपला वकील पाहिजे. साऱ्या जगाचा नंतर.

चंदगडी_काजू

येळ्ळूरकर, +१. पण ताईंचा कार्यक्रम व्हायलाच पाहिजे. नंतर कुंदा असेल तर मी घाट उतरून येतो.

जुना_टिळकवाडीकर

येळ्ळूरकर, तुमचा राग समजतो. पण 'आधी आपला वकील' म्हणताना आपल्याच गावचा इतिहास आठवा.

एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती इथं, बेळगावात. १ मे १९१६ ला त्यांनी इथं भाषण केलं, महिनाभरानं अहमदनगरला दोन केली. या तीन भाषणांवरून सरकारनं त्यांच्याकडं चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली. वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. त्या काळचे वीस हजार! पुण्याच्या मॅजिस्ट्रेटचा हा हुकूम मुंबई उच्च न्यायालयात गेला तेव्हा टिळकांच्या बाजूनं कोण उभं राहिलं? बॅरिस्टर जीना. मराठी नाहीत, टिळकांच्या गोटातले नाहीत, नेमस्त वळणाचे. नोव्हेंबर १९१६ मध्ये हुकूम रद्द झाला. राज्यकारभारावर टीका करणं म्हणजे राजद्रोह नव्हे, हे त्या निकालानं मानलं आणि स्वराज्याचं भाषण गावोगाव करायची वाट मोकळी झाली. पुढं जीनांचं राजकारण कुठं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर इथं वाद नको. बेळगावच्या भाषणाचा बचाव त्यांनी केला, एवढं कबूल करायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट आणीबाणीची. मी तेव्हा कॉलेजात होतो. वाजपेयी, अडवाणी बंगळूरच्या तुरुंगात होते. स्थानबद्ध माणसानं 'मला का धरलं' एवढं तरी कोर्टात विचारावं की नाही, हा वाद होता. नऊ उच्च न्यायालयांनी 'विचारता येईल' म्हटलं, त्यात आपलं कर्नाटकही होतं. सर्वोच्च न्यायालयानं २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतानं सांगितलं, आणीबाणीत हा हक्क नाही. एकटे न्या. खन्ना विरोधात राहिले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. त्या खटल्यात स्थानबद्धांच्या बाजूनं बोलणाऱ्यांत तारकुंडे होते. हरले. पण २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं तो निकाल चुकीचा ठरवला. हरलेला युक्तिवाद एक्केचाळीस वर्षांनी उभा राहिला तो कुणीतरी तेव्हा नोंदवून ठेवला होता म्हणून.

पुण्यात_बेळगावकर

आजोबा, मस्त प्रतिसाद. एक भर घालतो. २०१७ च्या त्या निकालात ज्यांचं नाव लागलंय ते पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. आणि १९७६ च्या बहुमतातले एक न्या. य. वि. चंद्रचूड, तर २०१७ मध्ये तो निकाल रद्द ठरवणारं मुख्य निकालपत्र त्यांच्या मुलाचं.

शहापूरचा_मागवाला

आजोबा, चंद्रचूडांचं नाव निघालंच आहे तर विचारतो. मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपडीवाल्यांची ती प्रसिद्ध केस त्यांच्यापुढंच चालली ना? १९८१ मध्ये भर पावसात झोपड्या काढायला निघाले होते. त्यात तारकुंडेही वकील होते असं वाचलंय. निकाल १९८५ मध्ये आला. पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असं कोर्टानं म्हटलं. सगळी पुस्तकं तेवढंच सांगतात. पण त्याच निकालात पुढं झोपड्या काढायला परवानगी दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणाले.

मी मागावर काम करणारा माणूस. माझा सरळ प्रश्न आहे. तत्त्व जिंकलं आणि झोपडी गेली, तर त्या वकिलानं गरिबाला काय दिलं? आमच्या गल्लीत कुणी कोर्टात जायचं म्हटलं तर बायको आधी दागिना कुठं ठेवलाय ते बघते.

काळा_कोट

मागवाले दादा, प्रश्न अगदी योग्य आहे. मी बेळगावात वकिली करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या झोपडीवाल्यांना काय मिळालं? त्यांच्यातल्या कितीतरींना काहीच नाही, हे खरं आहे. पण त्या एका वाक्यावर पुढं शेकडो अर्ज उभे राहिले. फेरीवाल्याला उठवताना आता नोटीस, ऐकून घेणं, पर्यायी जागा यावर बोलावं लागतं. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आला त्याच्या मागं हाच विचार आहे. आज मी एखाद्या भाजीवालीच्या वतीनं अर्ज लिहिते तेव्हा पहिल्या पानावर १९८५ चा तो निकाल टाकते, आणि समोरचा अधिकारी तो वाचून निदान खुर्ची पुढं करतो.

आता रोजचं काम कसं असतं ते सांगते, म्हणजे 'सार्वजनिक जीवन' म्हणताना नुसती भाषणं डोळ्यांपुढं येणार नाहीत. वीटभट्टीवरच्या एका पोराला मोबाईलचोरीच्या संशयावरून धरलं. जामीन मंजूर झाला, हुकूम हातात आला, तरी पोरगा हिंडलग्याच्या जेलातच. कारण जामीनदार नाही. जामीनदाराला चालू सालचा पहाणीचा उतारा (म्हणजे इकडचा सातबारा) लागतो, नाहीतर घरपट्टीची पावती. पोराची आई कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसायची आणि पांढरे कपडे घातलेला जो कुणी शेतकरी दिसेल त्याला हात जोडून विचारायची, "दादा, तुमच्याकडं उतारा आहे का?" तिला वाटायचं, उतारा म्हणजे कोर्टात मिळणारं एखादं तिकीट. शेवटी अर्ज करून जामीनदाराऐवजी थोडी रोख रक्कम भरायची मुभा मिळवली. पोरगा सुटला. या कामाची बातमी कुठं येत नाही. माझ्या मते नागरी हक्कांची वकिली इथं सुरू होते, दिल्लीत नंतर.

चंदगडी_काजू

वकीलताई, काळजाला लागलं. आता एक खरंच विचारतो. आमची निम्मी पाहुणेमंडळी बेळगाव तालुक्यात. भाच्याला जामीन राहायला गेलो तर कारकून म्हणाला, सातबारा महाराष्ट्राचा आहे, चालत नाही, इथला उतारा आणा. हे बरोबर आहे का? मामा सीमेपलीकडं राहतो हा मामाचा गुन्हा झाला का?

काळा_कोट

काका, यावर १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा मोतीराम निकाल आहे. मध्य प्रदेशातला एक गवंडी. दहा हजारांचा जामीन मागितला, भाऊ जामीनदार उभा राहिला, तर मॅजिस्ट्रेटनं सांगितलं, भाऊ आणि त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी खडसावलं. एका देशात जिल्हा किंवा राज्य वेगळं म्हणून जामीनदार नाकारता येत नाही, आणि गरिबाकडं त्याच्या ऐपतीबाहेरची रक्कम मागता येत नाही. कारकुनाचं तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. वकिलाकडून लेखी अर्ज द्या, निकालाचं नाव घाला, आणि नाकारलंच तर कारणासह लेखी मागा. सीमाभागात हा निकाल घरोघरी माहीत पाहिजे.

येळ्ळूरकर

हे कामाचं आहे. मी हे छापून आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतो. मराठीत.

रंकाळ्याहून

मी कोल्हापूरचा, पण आजोळ बेळगाव. इथं पानसरे अण्णांचं नाव अजून कसं निघालं नाही? ॲड. गोविंद पानसरे. कम्युनिस्ट पक्षाचे नेते म्हणून सगळे ओळखतात, पण आधी ते कामगारांचे वकील. मोलकरणी, फेरीवाले, गिरणीतले लोक त्यांच्या पायऱ्या चढायचे. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात म्हातारपणीही रस्त्यावर होते. कोर्ट, मोर्चा, व्याख्यान, सगळं एकाच माणसात. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना त्यांच्यावर आणि पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड विचारवंत डॉ. कलबुर्गी यांचा खून. घाटाच्या दोन्ही बाजूंना एकाच वर्षी.

आता ताईंच्या मूळ मुद्द्यावर येतो, कारण तो मला टोचतोय. 'आपल्याला न आवडणाऱ्या माणसासाठी उभा राहतो तो वकील.' पुढं या खुनात पहिला संशयित पकडला तेव्हा आमच्या जिल्हा बार असोसिएशननं (वकिलांच्या संघटनेनं) त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असा ठराव केला. मला तेव्हा तो ठराव बरोबर वाटला, आजही मनातून तसंच वाटतं. अण्णा ज्या कोर्टात आयुष्यभर उभे राहिले त्याच कोर्टातल्या कुणी जाऊन 'हा निर्दोष आहे' म्हणायचं? हे पचत नाही.

काळा_कोट

दादा, तुमचं दुःख मी कमी लेखत नाही. पण या जागेवर मी तुमच्याशी सहमत होणार नाही.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की अमुक आरोपीचं काम घ्यायचं नाही असे बारचे ठराव घटनेच्या विरुद्ध आहेत आणि त्यांना काडीची किंमत नाही. घटनेच्या २२ व्या कलमात अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क आहे, आणि तो निर्दोषालाच आहे असं कलमात लिहिलेलं नाही. निव्वळ व्यवहारानं बघितलं तरी, वकील न देता केलेली शिक्षा अपिलात टिकत नाही. खून करणारा सुटावा असं वाटत असेल तरच त्याला वकील मिळू देऊ नका.

आणि हे आपल्या दारातही झालंय. फेब्रुवारी २०२० मध्ये हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या तीन काश्मिरी विद्यार्थ्यांवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. त्यांना आपल्या हिंडलग्याच्या जेलात ठेवलं होतं. हुबळीच्या बारनं ठराव केला, कुणी वकीलपत्र घेणार नाही. बंगळूरहून वकील आले, त्यांना धारवाडच्या कोर्टात पोलीस बंदोबस्तात यावं लागलं, तरी दगड पडले. उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांनी या ठरावावर कडक शब्दांत नाराजी दाखवली, मग बारला माघार घ्यावी लागली. त्या मुलांनी जे केलं ते मला पटलं का? मुळीच नाही. पण गर्दी ठरवणार कुणाला वकील मिळायचा, हे एकदा मान्य केलं की बेळगावात गर्दी कुणाची मोठी आहे ते येळ्ळूरकरांना विचारा.

येळ्ळूरकर

वकीलताईंनी मलाच मध्ये ओढलं. बरं, उत्तर देतो. गर्दी आमची मोठी नाही हे शंभर टक्के खरं. आमच्या पोरांवर गुन्हे पडले आणि उद्या इथल्या बारनं तसा ठराव केला तर आम्ही काय करणार, हा विचार माझ्या मनात आला. बाकी मतं माझी तीच आहेत.

रंकाळ्याहून

ताई, कायदा तुमच्या बाजूनं आहे, मान्य. अण्णांनाही कदाचित तुमचंच पटलं असतं. मला मात्र वेळ लागेल.

अनगोळचा_बसू

नमस्कार. घरात कन्नड, शाळा मराठी, त्यामुळे इथं वाचतोही आणि लिहितोही. लोकांनी विचारायच्या आधीच सांगतो, सीमावादावर मी बोलणार नाही, मित्र टिकवायचे आहेत.

शाळेच्या भाषेबद्दल मात्र बोलतो. १९८० च्या दशकात पहिलीपासून कन्नड सक्तीचा विषय तापला होता, १९८६ मध्ये बेळगावात त्यावरून आंदोलन आणि गोळीबार झाला ते सगळ्यांना माहीत आहे. रस्त्यावरची लढाई सगळ्यांच्या लक्षात आहे, कोर्टातली कुणाच्या नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संघटनेनं कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८९ मध्ये पूर्ण पीठानं सांगितलं, अल्पसंख्याकांच्या मुलांवर प्राथमिक शाळेत अशी सक्ती करणं घटनेत बसत नाही. पुढं २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की मूल कुठल्या माध्यमात शिकणार ते पालक ठरवतील, सरकार लादू शकत नाही. या केसेस चालवणाऱ्या वकिलांची नावं आपल्याकडच्या कुठल्या चौकाला आहेत? एकाही नाही.

आणि एक लक्षात ठेवा. घटनेची जी २९ आणि ३० कलमं खानापूरच्या मराठी शाळेला राखतात, तीच जत, अक्कलकोटच्या कन्नड शाळांना राखतात. तिकडच्या कन्नड पालकाला सातारा-पुण्याचा एखादा मराठी वकील उभा राहिला, आणि इथं मराठी पालकाला धारवाडचा एखादा कन्नड वकील, तर माझ्या मते तो तारकुंडेंच्या परंपरेतला.

पुण्यात_बेळगावकर

बसू, मनापासून नमस्कार. तुझ्या प्रतिसादावरून एक सांगतो, येळ्ळूरकरांना कदाचित आवडणार नाही.

महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नावर जो दावा घातला तो घटनेच्या १३१ व्या कलमाखालचा, म्हणजे राज्य विरुद्ध राज्य. त्यात तुम्ही-आम्ही पक्षकार नाही. दावा चालावाच, माझं काही म्हणणं नाही. पण आपण सगळं त्या एका दाव्यावर टांगून ठेवलंय. दरम्यान जे हक्क आज, आत्ता, कर्नाटकात राहूनही आपले आहेत, त्यांच्यासाठी किती अर्ज केले? ३५० अ कलम, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून. ३५० ब, भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी, ज्याचं प्रादेशिक कार्यालय कित्येक वर्षं बेळगावात होतं. ज्या तालुक्यात अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे ठरून साठ वर्षं होऊन गेली. यासाठी मोर्चे निघाले, निवेदनं दिली, ते चांगलंच झालं. पण कागद धरून उच्च न्यायालयात पाठपुरावा करणारे वकील चार-दोनच. २००८ पासून धारवाडला पीठ आहे. आधी बंगळूरला जायचं म्हणजे रात्रीची गाडी, दोन दिवसांची मजुरी बुडवणं. आता सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. ती सबबही राहिली नाही.

येळ्ळूरकर

आवडलं नाही हे खरं, पण वाचलं. माझं उत्तर असं: दावा ही आमच्या तीन पिढ्यांची मागणी आहे. "दरम्यान हे घ्या" म्हणणाऱ्यांनी मूळ मागणी गुंडाळायला लावू नये. अर्ज करू की, दोन्ही करू. नागरी हक्कांचा वकील आला तर त्याला चहा देऊ, पण सीमाप्रश्न सोडा म्हणाला तर परत पाठवू.

निपाणी_नाका

सगळे तारकुंडे-तारकुंडे करतायत. आमच्या निपाणीनं शंभर वर्षांपूर्वी दुसरा एक वकील पाहिलाय. एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत इथं बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली होती. तेव्हा ते विलायतेहून येऊन मुंबईत वकिली सुरू केलेले तरुण बॅरिस्टर. वकील म्हणून त्यांच्याकडं बघा जरा. महाडचं चवदार तळं १९२७ चं, सगळ्यांना माहीत. पण त्यावरचा दिवाणी दावा दहा वर्षं चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयानं मार्च १९३७ मध्ये निकाल दिला तेव्हा पाण्यावरचा हक्क कायद्यानं पक्का झाला. सत्याग्रह एका दिवसाचा, खटला दहा वर्षांचा. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, संततिनियमनावर बोलणाऱ्या माणसाला समाज दारात उभं करत नव्हता. बाबासाहेब उभे राहिले. केस हरली. मूळ पोस्टमधली ताईंची कसोटी इथं शंभर टक्के लागू पडते.

"वकिलानं कोर्टाबाहेर यावं का" या प्रश्नाला माझं उत्तर हेच. महाडला रस्त्यावर कुणी गेलंच नसतं तर कोर्टात दावा कसला चालला असता? आणि दहा वर्षं कोर्ट धरून ठेवलं नसतं तर तळ्यावर पुन्हा बंदी आली असती.

अजून एक, जवळचं. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यात वंटमुरीला एका आईला विवस्त्र करून खांबाला बांधून मारलं. मुलगा एका मुलीला घेऊन गेला, आणि राग आईवर काढला. उच्च न्यायालयानं बातम्या वाचून स्वतःहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, जन्म आमच्या निपाणीचा, आणि त्यांचे आजोबा बळवंतराव वराळे बाबासाहेबांचे सहकारी. बघत उभ्या राहिलेल्या लोकांचं काय, हा प्रश्न त्या कोर्टानं विचारला. तो मला सगळ्यात मोठा वाटतो.

चंदगडी_काजू

निपाणीकर, वराळेंचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

शहापूरचा_मागवाला

बघत उभे राहिलेले... तो प्रश्न माझ्या गल्लीलाही लागतो. कुणा पोराला उचलून नेलं की आम्ही दारं लावतो. साक्षीला कोण जाणार, दिवस मोडतो, मालक ओरडतो. वकील एकटा काय करणार, साक्षीदारच नसेल तर?

जुना_टिळकवाडीकर

मागवाले, हेच ते सार्वजनिक जीवन. तारकुंडेंनी संस्था काढल्या त्या यासाठीच. एकटा वकील केस लढतो. चार डॉक्टर, दोन शिक्षक, एक पत्रकार असे मिळून गावात जाऊन सत्य काय ते लिहून आणलं तर वकिलाच्या हातात काही असतं. आंध्रात त्यांनी तेच केलं.

पक्षाबद्दलही सांगतो, कारण मूळ प्रश्न 'कुठवर' असा आहे. तारकुंडे तरुणपणी रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पार्टीचे सरचिटणीस होते. १९४८ मध्ये रॉयनी पक्षच विसर्जित केला, त्यानंतर तारकुंडे पक्षाच्या वाटेला गेले नाहीत. मंत्री मित्राचा असो की शत्रूचा, नोटीस पाठवायला हात कचरू नये यासाठी ते अंतर लागतं असं माझं मत.

रंकाळ्याहून

आजोबा, इथं मी वाद घालणार. अण्णा शेवटपर्यंत पक्षात होते, लाल झेंडा हातात होता. म्हणून काय गरिबाचं काम थांबलं? उलट पक्षामुळेच गावागावात माणसं होती. बाबासाहेबांनीही पक्ष काढला, निवडणुका लढवल्या. पक्षाबाहेरच राहिलं पाहिजे हा नियम शहरातल्या लोकांना परवडतो.

काळा_कोट

दोघांचंही खरं आहे, पण बेळगावात मी आजोबांच्या बाजूनं. इथं वकिलानं एकदा एखाद्या समितीचा किंवा संघटनेचा गमछा गळ्यात घातला की दुसऱ्या भाषेचा पक्षकार त्याच्या पायऱ्या चढत नाही. माझ्याकडं येणाऱ्या बायका कन्नड, मराठी, उर्दू, तिन्ही बोलतात. मारहाण तिन्ही भाषांत सारखीच होते. त्यांच्यातल्या एकीलाही 'ही आपली नाही' असं वाटून परत जावं लागलं तर माझी सनद काय कामाची? मोर्चात मी जाते. शाळा वाचवायच्या असतील, पिकाऊ जमीन बायपासला जात असेल, तर जाते. झेंड्याखाली जात नाही.

आणि तरुण मुलांना सांगा, आपल्या गावात चांगलं लॉ कॉलेज आहे. देशाचे महान्यायवादी राहिलेले के. के. वेणुगोपाल राजा लखमगौडा कॉलेजात शिकले. इंग्रजीला घाबरून मराठी शाळेतली हुशार पोरं कायद्याकडं येत नाहीत. या. कन्नड वाचता येणं, मराठीत धीर देता येणं आणि इंग्रजीत अर्ज लिहिता येणं, या तीन गोष्टी असलेला वकील या जिल्ह्यात सोन्याहून महाग आहे.

पुण्यात_बेळगावकर

हे शेवटचं वाक्य आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकतोय.

मलप्रभा_खानापूर

सगळ्यांचे आभार. हा धागा मी वाचनालयाच्या बैठकीत वाचून दाखवला. जीना आणि टिळक ऐकून पहिले गृहस्थ गप्प झाले. दुसऱ्यांचं अजूनही म्हणणं आहे की वकिलावर व्याख्यान नको, पण मोतीराम निकालाची झेरॉक्स त्यांनी मागून घेतली.

ठरलं ते असं. पहिला तास तारकुंडे: आणीबाणी, आंध्र, आणि मुंबईचे फुटपाथ. मागवाले दादांचा 'तत्त्व जिंकलं, झोपडी गेली' हा प्रश्न मी तसाच्या तसा मांडणार आहे, त्यांचं नाव न घेता. दुसऱ्या तासाला वकीलताई येतील, लोकांनी आपले कागद दाखवायचे. बसू, तू कन्नडमधून दहा मिनिटं त्या १९८९ च्या निकालावर बोलशील का? खानापुरातल्या कन्नड शाळेच्या दोन शिक्षिका येणार आहेत, त्यांनी विचारलंय. मूळ प्रश्नावर माझं मत तेच आहे, फक्त आता वाचनालयातले आणखी चौघे माझ्या बाजूला आहेत.

अनगोळचा_बसू

बोलतो की. मराठीतही बोलतो, पंधरा मिनिटं द्या.

येळ्ळूरकर

मी येणार. आणि प्रश्न विचारणार, उभा राहून. १३१ कलमाच्या दाव्यावर बोलायचं नाही असं कुणी म्हणालं तर ऐकणार नाही.

मलप्रभा_खानापूर

अवश्य विचारा. पहिला प्रश्न तुमचाच घेते.

काळा_कोट

येणाऱ्यांना एक विनंती. मोफत कायदेशीर मदतीचा कायदा १९८७ चा आहे, १९९५ पासून लागू आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कामगार, आणि जेलात असलेला कुणीही, यांना वकील सरकारी खर्चानं मिळतो आणि त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाकीच्यांनी दाखला आणा. कोर्टाची नोटीस आली असेल तर पाकिटासकट आणा, पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख लागते. कागद कन्नडमध्ये असला तरी चालेल, मी वाचून सांगते. चंदगडच्या काकांनी सातबारा नक्की आणावा, अर्जाचा नमुना तिथंच लिहून देते.